गुप्त फोनची तपासणी

उचगावच्या कारखान्यात आम्ही दोन वर्षं खपून सरकारसाठी स्वस्तातला गुप्त फोन बनवलेला. त्यावरचं बोलणं मधेच चोरून ऐकता येतं का, हे तपासायला दिल्लीहून साहेब आले. हा माणूस आमचं गुपित चोरणार तरी कसं, याचीच मला उत्सुकता.

त्यांनी आमच्या फिटर बाबूमामांना वाचायला निरोपाची चिठ्ठी देऊन शेजारच्या खोलीत फोनवर बसवलं. इकडच्या खोलीत दुसऱ्या फोनवर मी. माझ्या शेजारी साहेब मधल्या तारेला यंत्र जोडून ऐकत होते. त्यांना नुसती खरखर आली. मी खूश! पण मलाही धड ऐकू येईना.

"मामा, जरा मोठ्यानं!"

"अवं, पूल! उद्या पूल बंद हाय!"

साहेबांनी यंत्र खाली ठेवलं. "तारेतून काही फुटलं नाही. भिंतीतून सगळं आलं. फोनचा आवाज वाढवा, महिन्यानं पुन्हा येतो."

मामा दारात आले. "आनि किती वाढवू, सायेब?"