बिनब्रेकच्या फियाटबाबत

नाव ज्ञानेश कोंडाजी जेजुरकर, वय ३८ वर्षे, धंदा नोकरी (सातपूर येथील कारखान्यात स्टोअरकीपर), राहणार म्हसरूळ, नाशिक. दिनांक १७ नोव्हेंबर २००३.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी, पत्नी शुभांगी, वडील कोंडाजी व आई अंबूबाई असे एकत्र राहतो. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते पूर्वी फुलशेती करत व झेंडू पंचवटीच्या बाजारात नेत. त्यासाठी त्यांनी जुनी फियाट मोटार घेतली होती. मॉडेल १९६६ चे. शेती कमी झाल्यावर ती फुलांच्या शेडमध्ये उभी राहिली. चार वर्षांपूर्वी मी तिची दुरुस्ती हाती घेतली. मी मेकॅनिक नाही. मी एक पुस्तक आणले होते.

दुरुस्तीचे कारण असे की, माझी बहीण तृप्ती हिने १९९९ साली दिंडोरीच्या राजू गावित याच्याशी, तो दुसऱ्या समाजाचा असताना, स्वतःच्या मर्जीने लग्न केले. दादा पाहुणे म्हणून तिच्या घरी कधी गेले नाहीत. आईने फार लावून धरले तेव्हा ते म्हणाले, "मी एस्टीनं जायचा नाही. जाईन तर आपल्या गाडीनं. होऊ दे गाडी." दिंडोरी आमच्यापासून तासाच्या आत आहे. एस्टी सारख्या सुटत असतात. मी मात्र दादांचे म्हणणे शब्दशः घेऊन पाने-पेचकस खरेदी केले.

चार वर्षांत गाडी एकदाही चालू झाली नाही. सुरुवातीला ती नुसती चालू होत नव्हती. नंतर तिचे दिवेही लागेनात. गेल्या महिन्यात मी ब्रेकचा मास्टर सिलिंडर साफ करण्यासाठी काढला व रॉकेलच्या डब्यात घालून न्हाणीघरात ठेवला. त्याआधी ब्रेक चांगले लागत होते. गाडी उभीच असल्याने त्याची फारशी गरज पडली नव्हती.

आज माझी सुट्टी होती. मी सकाळी स्पार्क प्लग आणण्यासाठी गावात गेलो. परत आलो तर शेड रिकामी दिसली. गाडी चोरीला गेली असे समजून मी शुभांगीला तसे बाहेरूनच ओरडून सांगितले व स्कूटरवरून थेट ठाण्यात आलो. चोरीला गेली म्हणजे ती चालू झाली, हा विचार मनात आल्याने मी जरा उत्साहाने आलो, हे मी नाकारत नाही.

हवालदार गोटीराम भोये यांनी वर्णन विचारले. रंग कोणता, असे विचारता मी डावी बाजू लाल प्रायमर, उजवी बाजू मूळची पांढरी व बॉनेटला अद्याप काही नाही, असे सांगितले. त्यावर ते म्हणाले, "साहेब, अशी गाडी कोण चोरंल?" हा प्रश्न मला लागला.

तेवढ्यात शुभांगीचा ठाण्यात फोन आला. ती म्हणाली, "अहो, चोरी कसली? आई-दादा पण घरात नाहीत. दादांनी फेटा बांधलाय, आईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलंय. लताबाई म्हणतात, गाडी आम्हीच ढकलली."

शेजारच्या लताबाईंनी फोन हातात घेऊन मला सांगितले, "दादा म्हणले जरा हात लावा. आम्ही चौघींनी उतारावर लोटली. पहिल्याच हिसक्याला सुरू झाली बघा. तुम्ही कधी लोटून नव्हती पाहिली का?"

मी लोटून पाहिली नव्हती. लोटून चालू करणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, असे माझे मत होते.

फोन ठेवल्यावर मला रॉकेलच्या डब्याची आठवण झाली. मी भोयेंना म्हणालो, "साहेब, गाडीला ब्रेक नाहीत."

"खराब आहेत?"

"नाहीत. न्हाणीघरात आहेत."

त्यांनी लगेच जीप काढली. दिंडोरी रस्त्याने जाताना मी काय केले ते मला आठवत नाही. भोये सांगतात की प्रत्येक उताराला मी पाय जीपच्या पत्र्यावर दाबत होतो.

ढकांबे गावाच्या पुढे रस्त्यालगत शेतकरी निवृत्ती यांच्या चाऱ्याच्या गंजीत गाडी तोंड खुपसून उभी दिसली. आत कोणी नव्हते. मी जीपमधून लगेच उतरलो नाही. भोये उतरले व पाहून आले.

निवृत्ती यांनी सांगितले, "दोघंबी खडखडीत हायेत. बाबांनी मुद्दाम घातली गंजीत. आधी हात भाईर काढून वळतोय म्हणून दावलं, मंग घातली. म्हातारीनं उतरून पदर झटकला न् मला इचारलं, दिंडोरी अजून किती हाय. मीच ट्रॅक्टरवर बसवून सोडून आलो." चाऱ्याचे विचारता ते म्हणाले, "चाऱ्याला काय झालंय? गाडी काढून घ्या मातर."

गाडीचा एक दरवाजा निखळून पडला होता. तो मी बसवलेला होता. बाकीचे तीन शाबूत आहेत.

तेथून आम्ही तृप्तीच्या घरी गेलो. जीपचा आवाज ऐकून ती दारात आली. जीप पाहून तिचा चेहरा उतरला. तिने आत वळून विचारले, "दादा, परत?"

दादा ताटावरून तसेच उठून बाहेर आले. हात उष्टा होता, फेटा सुटला होता. ते भोयेंसमोर ताठ उभे राहिले व म्हणाले, "साहेब, मला कुणी पळवून आणलेलं नाही. मी माझ्या खुशीनं या घरात आलोय. मला इथंच राहायचंय."

येथे मला नमूद करायचे आहे की, १९९९ साली दादांनी मुलीला पळवून नेल्याची तक्रार दिली होती. तेव्हा ते पोलिसांसोबत याच दारात आले होते आणि तृप्तीने हीच वाक्ये म्हटली होती. दादांना ती इतकी पाठ असतील, हे आम्हा कोणालाच माहीत नव्हते. तृप्तीने तांब्या आणून त्यांच्या हातावर पाणी घातले.

भोये यांनी टोपी काढून सांगितले की, त्यांची काही हरकत नाही. आई आतून म्हणाली, "ज्ञाना, बाहेर काय उभा? साहेबांनाबी आत घे. भात गरम हाय." आम्ही दोघे जेवलो. जावई राजू यांनी मला दोनदा आमटी वाढली. आईवडील सध्या तेथेच आहेत.

माझी गाडी चोरीस गेलेली नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

हा जबाब भोये यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे व खरा आहे. ‘दुरुस्ती’ या शब्दाला त्यांची हरकत होती, परंतु शब्द माझा असल्याने माझ्या जबाबदारीवर राहू दिला आहे.

समक्ष सही,
ज्ञानेश कोंडाजी जेजुरकर