आवाज बंद ठेवून मारलेल्या गप्पा

मंडळी, माईक जरा खाली करा रे कोणीतरी. मी एवढीशीच आहे. हां. मागच्यांना ऐकू येतंय ना?

बोलायचं कुणाकडे बघून, तेच मला कळेना झालंय. धाकूभाऊंच्या ह्या हार घातलेल्या फोटोकडे बघितलं की वाटतं, आता माझ्या ओठांकडे बघतील आणि मान हलवतील. असं का वाटतं ते सांगते. जरा वेळ लागेल. मला थोडक्यात सांगता येत नाही, हे तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे.

किती माणसं आलीत! कल्याणची, पेणची, थेट कोल्हापूरची. तुम्हाला मी फोनातल्या गोल गोल फोटोंवरून ओळखते. आज पहिल्यांदा तुमचे पाय बघितले. आणि रडायचं नाही असं ठरवून आलेय. धाकूभाऊंच्या घरच्यांनी, आपल्या वहिनींनीच दारात दम दिलाय, "रडलंस तर चाय नाय देवची तुका." तेव्हा मी हसले तर वाईट वाटून घेऊ नका.

मी पार्वती. लालबागच्या चाळीतली. दुसरीपर्यंत शाळा. मग लग्न, मग मिल. वायंडिंगखात्यात सुताच्या कांड्या भरायचे. मग तो संप आला. आमचे हेसुद्धा मिलमध्येच, म्हणजे घरातल्या दोन्ही चुली एकदम विझल्या. तेव्हा माझ्या आईनं तिची जुनी शिलाई मशीन माझ्या घरी आणून टाकली. ब्लाउज शिवू लागले. मशीन बिघडली. कारागीर आज येतो, उद्या येतो. शेवटी मीच पापडाच्या ताटात एकेक स्क्रू ओळीनं मांडत ती उघडली, आणि त्याच ओळीनं बंद केली. चालली! ह्यांना म्हटलं, "बघा." हे म्हणाले, "एक स्क्रू उरलाय." उरू दे. चालली ना?

तेव्हापासून अख्ख्या चाळीच्या, मग गल्लीच्या मशीन माझ्याकडे. आज नात कॉलेजात आहे, तरी तेच करते.

त्या नातीनं, सायलीनं, मला तुमच्या फोनातल्या ग्रुपात घातलं. म्हणाली, "आजी, सगळे मशीनवाले आहेत. तुझीच माणसं."

माझीच माणसं! अहो, मी किती हौसेनं आले. मला टाइप करता येत नाही. बोट एका अक्षरावर ठेवावं तर उमटतं दुसरंच. म्हणून मी बोलून पाठवायचे. पहिल्या दिवशी नाव सांगितलं, गाव सांगितलं, संप सांगितला, उरलेला स्क्रूसुद्धा सांगितला. कोणी हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, कामात असतील. दुसऱ्या दिवशी पेणच्या भाऊंनी विचारलं, पट्टा का सरकतो. मला माहीत होतं. मी बोलून पाठवलं. तासाभरानं धाकूभाऊंनी तेच लिहून टाकलं, तर सगळ्यांनी हात काय जोडले, फुलं काय टाकली! माझं तसंच पडून.

असं किती दिवस चाललं. एकदा मात्र उत्तर आलं. "आजी, तीन शिट्ट्या झाल्या, कुकर उतरवा. रेसिपीचा ग्रुप वेगळा आहे." दिनेश, मान खाली घालू नको रे बाबा. माझ्या मागे कुकर खरंच लागला होता. मी रागावले नाही. म्हणजे तेव्हा रागावले होते, आता नाही.

मला काय आठवलं सांगू? मिलमधला पहिला दिवस. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका घोळक्यानं बसल्या, आणि डबा घेऊन मी उभी. कोणी सरकेना. तेव्हा मी सोळाची होते. आता सत्तरी गाठली, तरी तसाच डबा हातात धरून उभी असल्यासारखं वाटायचं.

आणि सगळ्यांत राग कुणाचा यायचा? ह्या धाकूभाऊंचा. ग्रुपात धाकूभाऊंचा शब्द मोठा. ते ज्याला उत्तर देत, त्याला मग सगळेच विचारत. बाकी सगळ्यांना लिहून, चित्रं काढून समजावत. मलाच नाही. तुम्हीही कुरकुर करायचात, खोटं बोलू नका. "धाकूभाऊ फोन उचलत नाहीत, मोठे झालेत." करायचात की नाही?

तेवढ्यात माझ्या आईची मशीन टाके सोडायला लागली. लोकांच्या एवढ्या मशीन चालू केल्या आणि माझीच मला उमजेना. सुई बदलली, दोरा बदलला, शटल धुऊन पुसून घातलं. आठ दिवस. ग्रुपात विचारलं, बोलूनच. परत काही नाही. मग मी सायलीला म्हटलं, "काढ मला ह्यातून. मी काही इथली नाही."

ती म्हणाली, "आजी, एकदा व्हिडिओ टाकू. मग काढते."

तिनं फोन धरला. मी मशीन चालवली आणि बोलू लागले. मशीनचा खडखडाट, खाली रस्त्यावर मंडळाचा ताशा. मग काय, जुनी सवय हो. मिलमध्ये मशिनांच्या आवाजात कोणाला काय ऐकू येणार? तिथं आम्ही तोंड मोठं उघडून, ओठांनी आणि हातांनीच बोलायचो. मी तशीच बोलले. दोन बोटं जोडून फट्दिशी लांब केली, म्हणजे दोरा तुटतो. तळवा पालथा करून खाली नेला, म्हणजे टाका खालून सुटतो. माझं मलाही कळलं नाही.

पाच मिनिटांत उत्तर आलं. धाकूभाऊंचं! सायलीनं वाचून दाखवलं. "बाई, तुम्ही वायंडिंगला होता का?"

मी म्हटलं, विचार त्यांना, तुम्हाला कसं कळलं? त्यांनी लिहिलं, "हातावरून. मी सांचाखात्यात होतो, मागावर. तुमच्या सुईचा दांडा केसभर खाली घसरलाय. वर घ्या." घेतला वर. टाका असा पडायला लागला, मोत्यांची ओळ! मी त्या मशीनचा मुकाच घेतला.

आता जे सांगते ते वहिनींना विचारून सांगते. त्या म्हणाल्या, "सांग गे बाय, आता कित्याक लपवूचा?"

मंडळी, धाकूभाऊंना ऐकू येत नव्हतं. मागांच्या खात्यानं त्यांचे कान केव्हाच घेतले होते. संप झाला, मिल गेली, त्यांनी नायगावला मशीन दुरुस्तीचं काम धरलं. पण सांगितलं कोणाला नाही. मला म्हणाले होते, "मशीनचा आवाज ऐकून कारागीर दोष ओळखतो. बहिरा कारागीर म्हटल्यावर मशीन कोण देणार?" म्हणून फोन उचलत नव्हते. म्हणून माझे एवढाले निरोप तसेच पडून. त्यांना वाटायचं, ही कोण बाई, रोज पाठवते आणि मला एक अक्षर कळत नाही. आणि मला वाटायचं, किती माज! डबा घेऊन आम्ही दोघंही उभेच होतो हो. समोरासमोर.

त्यानंतर आमच्या दुपारच्या गप्पा सुरू झाल्या. फोनात तोंड दिसतं तो कॉल. मी लालबागला, ते नायगावला. सायली ओरडायची, "आजी, तुझा आवाज बंद आहे!" मी म्हणायचे, असू दे, आमचं चाललंय. ओठ आणि हात. मिलमधले जुने सगळे इशारे आठवायचे. मुकादम आला, त्याचा इशारा तर असा होता की इथं करून दाखवता येणार नाही. वहिनी मागून डोकावून म्हणायच्या, "दोन म्हातारी खुळावली."

मग तेच ग्रुपात लिहायला लागले, "पार्वतीबाईंना विचारा, त्यांना माहीत आहे." झालं! तुम्ही सगळे सरकलात आणि मला बसायला जागा झाली. दिनेशनं तर मला हात जोडले, फुलं टाकली, केकसुद्धा टाकला.

एकदा वहिनींना घेऊन घरी आले होते. आईच्या मशीनवर तळवा ठेवला, मला म्हणाले, चालवा. डोळे मिटले. तुम्ही कानानं ऐकता, ते तळव्यानं ऐकायचे. मग डोळे उघडले आणि म्हणाले, "बाई, हिच्यात एक स्क्रू कमी आहे." चाळीस वर्षांनी! पुढच्या वेळी येताना स्क्रू घेऊन येतो म्हणाले.

ते येणं राहिलं. वहिनींनी परवा माझ्या हातात पुडी दिली. आत स्क्रू. पुडीवर माझं नाव.

नाही, रडत नाही. चहा पाहिजे मला.

एकच मागते. ग्रुपात आता सावंतवाडीची एक मुलगी आलीय, ती पण बोलूनच पाठवते. कोणी ऐकत नाही, मी बघते. ऐका रे. ऐकता येत नसेल तर तिला तसं सांगा. गप्प राहू नका.

आता सभा चालवणारा आपला मंगेश म्हणेल, दोन मिनिटं शांत उभे राहा. शांततेत धाकूभाऊ निम्मं आयुष्य राहिले, त्यांना त्यात काय नवीन? त्यापेक्षा आमच्या मिलमधलं करू. पाळी सुटली की जाणारा दोन्ही तळवे वर करून दाखवायचा, माझं झालं. आणि त्याच्या जागी येणारा छातीवर हात ठेवायचा. म्हणजे, जा तू, आता मी बघतो.

धाकूभाऊंनी तळवे दाखवले आहेत. उठा सगळे. छातीवर हात ठेवा आणि त्यांच्याकडे बघून सांगा. आवाज काढू नका. नुसते ओठ हलवा, त्यांना कळतं.