खटॅक

कॅमेऱ्याच्या दुकानात माझ्यापुढे लग्नाचे फोटो काढणारा एक जण आणि त्याची बायको उभी होती. त्याच्या गळ्यात जुना, आत आरसा असलेला डीएसएलआर, तिच्या हातात काउंटरवरचा नवा, बिनआरशाचा मिररलेस.

"घ्या की हा. हलका आहे, मान तरी दुखणार नाही."

"हलका आहे गं, पण नुसता कुजबुजतो. आपल्या जुन्याचा आरसा कसा आपटतो आत, खटॅक!"

"फोटो कुणाचे चांगले येतात?"

"ह्याचेच. अंधारातसुद्धा. पण खटॅकशिवाय माझं कसं व्हायचं?"

"म्हणजे?"

"अगं, लग्नात एखादे मामा चिकटतात. चष्मा लावून एक काढ, चष्मा काढून एक काढ. मग मी हळूच मेमरी कार्ड काढून ठेवतो आणि नुसतंच खटॅक खटॅक. मामा खूश, मी मोकळा."

"अगं बाई! त्यांना संशय येत नाही?"

"आवाज ऐकला की माणूस निवांत होतो."

"होतो खरा. समुद्रावर मीही झाले होते."

"आता समुद्र कुठून आला?"

"मला पाण्यात उभी करून दुपारभर तुमचं खटॅक खटॅक चाललं होतं. ते फोटो अजून यायचेत."

"ते... ते कार्ड जरा खराब निघालं गं."

"असं का? अहो दादा, हा नवा द्या बांधून. आणि कार्ड आत घालून वरचं झाकण कायमचं चिकटवून मिळेल का?"