बायोडाटातलं पहिलं वाक्य

अबे, चहा आधी खाली ठेव, नाहीतर सांडशील. मी शाळेतली मास्तरकी सोडून नांदुऱ्याच्या बियाण्याच्या कंपनीत कसा लागलो, ते सांगतो तुले.

बायोडाटा लिहाले बसलो. पहिलं वाक्य लिहिलं, 'मी शांत, निर्व्यसनी व कष्टाळू आहे.' बायकोनं वाचलं अन् म्हणे, "लग्नाच्या बायोडाटातही हेच होतं. मी फसली, कंपनी काऊन फसन?"

"मंग काय लिहू?"

"अख्खा वर्ग एका वाक्यात गप्प बसवता ना तुम्ही, ते लिहा."

लिहिलं, 'कितीही गोंधळ असो, एका वाक्यात शांत करतो.'

मुलाखतीत साहेबानं तेवढंच वाचलं. बाहेर सेल्सची पोरं टार्गेटवरून भांडून राह्यली होती, अकाउंटंट फोनवर ओरडून राह्यला होता. साहेब म्हणे, "गुरुजी, करा बरं यांले शांत."

मी उठलो. कंपनीतलं काही येत नव्हतं, म्हणून दारात उभं राहून वर्गातलंच बोललो, "हाताची घडी, तोंडावर बोट."

अख्खं ऑफिस चूप. शेवटी सगळे आपल्याच जिल्ह्यातल्या शाळांत शिकलेले. अकाउंटंटनं तर फोन चालूच सोडला अन् बोट तोंडावर ठेवलं. मी खुशीत मागं वळलो, तर साहेबही तसेच बसलेले.

"साहेब, मंग माह्या नोकरीचं काय?"

तोंडावरचं बोट तसंच ठेवून साहेबांनी हळूच दुसऱ्या हाताची करंगळी वर केली.

म्या म्हटलं, "जा, पण लवकर या."