दसऱ्याले धुतलेला ट्रक

बाबाच्या ट्रकची गंमत तुमाले सांगतलीच नाई काय? बाबा अहेरीकडं लाकडं वाहणारा ट्रक चालवत. रिटायर झाले, तसं मी त्याच ट्रकचं तळहातावर मावणारं मॉडेल बनवलं. नंबराचे इवलेसे स्टिकर पाण्यात भिजवून चिमट्यानं लावले. मंग बारीक ब्रशनं चाकांवर चिखल रंगवला, बंपरवर गंज रंगवला. रंग पक्का करणारं वार्निश तेवढं मारायचं राह्यलं होतं, अन् दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरले मॉडेलचं प्रदर्शन.

दसऱ्याच्या सकाळी अंगणात गेलो, तं बाबा माह्या मोटारसायकलच्या बाजूले बसून टूथब्रशनं ट्रक घासून राह्यले होते. ट्रक चकाचक! वरून झेंडूचं फूल, समोर लिंबू, तेही चाकापेक्षा मोठं. नंबर बादलीत तरंगून राह्यला होता.

"बाबा, हे काय केलं जी?"

"पूजेले मळकी गाडी ठेवतेत काय?"

"अजी, तो चिखल मी महिनाभर बसून रंगवला होता!"

पोरगं हातचं गेलं, असं बाबानं माह्याकडं पाह्यलं.

"चिखल रंगवला? अबे, पावसाळ्यात भामरागडच्या रस्त्यानं एक चक्कर मारली असती, तं फुकटात लागला असता!"