एकाच हाताची वीण

दवाखान्याच्या बाकावर नंबरची वाट बघत बसलेल्या एका ड्रायव्हरच्या कानावर शेजारच्या दोघी जावांचं बोलणं पडत होतं. क्रोशाची सुई धाकटीच्या हातात होती; थोरली नुसती बघत होती.

"तीन टाके सोड. पुढच्या तीन टाक्यांत उभे खांब आधी घाल."

"घातले."

"आता मागे ये आणि सोडलेल्या टाक्यांत तीन घाल, त्यांच्या वरून. पडली ना वेणी? अशा वेण्या पडत गेल्या की चटईसारखं दिसतं."

"वेणी कसली, सुंभ झालंय! ताई, नातवंड तुमचं, शाल तुम्हीच विणा ना."

"नको."

"हात दुखतोय का?"

"हाताला काय धाड भरलीय?"

"मग सुरुवात तरी करा. पुढचं मी बघते."

"म्हणूनच नको."

इतक्यात नर्सनं थोरलीला आत बोलावलं. धाकटीही उठू लागली.

"तू बस. ओळ पुरी कर."

"ताई, दोनच ओळी घाला हो. तुमचा हात लागू दे."

"माझा हात सैल, तुझा घट्ट. मध्येच हात बदलला की वीण चुगली करते. लेक माझी बोट फिरवेल आणि तिला बरोबर कळेल, आई कुठवर होती ते."