करंजओढ्यातला गारड

ऐका रं. जवळ सरका. आणि ए सिदू, हसायचं आसंल तर तिकडं मेंढरांत जाऊन बस. ही गोष्ट माज्या अंगावरची हाय, कुणी सांगितल्याली न्हाय.

त्या दिशी म्या तालुक्यासनं निघालो तवा दिवस कवाच बुडाला व्हता. एकटा. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आन् फडक्यात बांधल्याले तीन कान. व्हय, कान! मेंढरांचे. ऐका तरी.

पहाटं लांडग्यानं माज्या तीन मेंढ्या फाडल्या. तिन्ही दूध देणाऱ्या, खाली बारकी कोकरं. सरकार भरपाई देतंय आसं ऐकलं व्हतं. म्हटलं, पैसं आलं तर एक दुभती मेंढी घीन, कोकरं तरी जगतील. मेंढरांचा वाडा तर त्याच सकाळी हलवायचा व्हता, रानाचा मालक नांगर घिऊन हुबा. बायको, सुंदरा, मेंढरं घिऊन म्होरं गेली. म्या मेल्याल्या मेंढ्यांवर बाभळीचं काटं रचलं आन् आपल्या रिवाजापरमानं त्येंचं खुणंचं कान कापलं. दुसऱ्याची मेंढरं राखताना लांडग्यानं नेलं तर आपुन मालकाला काय दावतो? कान! मालक कान बघतो, गप बसतो. म्हटलं, सरकार म्हंजे तरी काय, थोरला मालकच की.

तितंच चुकलो, बाबांनो.

फॉरेस्टाच्या हापिसात दिसभर बसिवलं. ह्या टेबलावरनं त्या टेबलावर. "सातबारा आण." आरं, आमचं घर पाठीवर, सातबारा कुठला? सांजच्याला सायेब आला. म्या फडकं सोडून कान म्होरं ठिवलं. आसा खवाळला! "जनावराला हात लावलास? आता लांडग्यानं मारलं कशावरनं? उद्या दिवस उगवायला फॉरेस्टाचा गारड पंचनाम्याला यील. जनावरं हाईत तितंच दिसली पायजेत, न्हायतर कागद बंद!"

मग काय करू? रातीची कुत्री-कोल्ही काट्याला भितात व्हय? मला तितं पोचायचंच व्हतं. सडकंनं गेलो आसतो तर पहाट झाली आसती. म्हून करंजओढ्याची वाट धरली. लोक नगं म्हणत व्हते. म्या रागात व्हतो, कुणाचं ऐकतोय?

ओढ्यात उतरलो आन् म्होरं बॅटरी चमकली. खाकी कापडं, बगलंत वही. "मेंढ्यांचा पंचनामा ना? मी गारड. चल, आत्ताच करू."

मला काय आनंद झाला म्हून सांगू! म्हटलं, देव पावला. निघालो मागनं.

चाललो. चाललो. एक मोडकं करंजाचं झाड लागलं. आणिक चाललो. पुन्ना तेच झाड! म्हटलं, "सायेब, वाट चुकली." तर म्हणतो कसा, "पुरावा दे आदी." एक कान दिला. अंधारात कुरुम, कुरुम. मला वाटलं, सुपारी खातोय. "दुसरा दे." दिला. कुरुम, कुरुम. "तिसरा." तिसरा देताना त्येचा हात लागला. थंडगार! आन् पुन्ना तेच झाड!

आता समजलं का? चकवा व्हता त्यो, चकवा!

तेवढ्यात बॅटरी फिरली. उजेडात माज्या तिन्ही मेंढ्या हुब्या! जित्या! एकेक कान न्हाय, आन् माज्याकडं बघून वरडत्यात. त्यो म्हणतो, "ह्या तर जित्या हाईत. खोटा अर्ज केलास. जा, धर त्यास्नी, मग सोडतो तुला."

आरं, माजी मेंढरं ती! धावलो. हात पसारलं, आन् पायाखालचा धोंडा सुटला. लई येळानं खालनं आवाज आला, डुब्ब!

हीर! बिनकठड्याची हीर!

तिथंच मटकन बसलो. आन् मग आसा राग आला, आसा राग आला! दिसभर त्येंनी फिरिवलं, रातभर ह्यो फिरिवतोय. वरडलो, "न्हाय उठत जा! काय करायचं ते कर!" चकवा लागला की बसावं, कापडं उलटी करावीत, आसं आमची आय सांगायची. बंडी उलटी घातली, घोंगडं डोस्क्यावरनं घ्येतलं. मेंढ्या रातभर भवतीनं वरडत व्हत्या. म्या रडत व्हतो, पर उठलो न्हाय.

तांबडं फुटलं तवा बघतो, तर हीर हातभर म्होरं.

पळत सुटलो. जाग्यावर काटं फिस्कटल्यालं, रगताचा डाग, बास. कुत्र्यांनी सगळं वडून न्हेलं. खरा गारड फटफटीवर बसल्याला. "जनावरं कुठायत?" चकव्याचं सांगितलं तर हसला. वहीत लिवलं, 'मृत जनावर आढळले नाही'.

तीनातली दोन कोकरं म्येली.

त्या सालात लांडगा आणिक तीनदा आला. म्या हापिसात गेलो न्हाय. खड्डा काढायचा, पुरायचं. मला बघून बाकीच्यांनी बी तेच केलं. मग तीन सालांनी एक दिस कळलं, मेंढरांच्या वाड्याला सरकार जाळी देतंय, बॅटऱ्या देतंय. ग्येलो मागायला. सायबानं वही उघडली. म्हणाला, "तुमच्या माळाला कशाला जाळी? तीन सालांत एक बी तक्रार न्हाय. तुमच्याकडं लांडगाच न्हाय." सगळी जाळी पल्याडच्या तालुक्याला ग्येली.

म्हून सांगतो, पोरांनो. मेंढरू पडलं तर कान कापू नगा. एकानं जाग्यावर बसायचं, दोघांनी जायाचं, दिसाउजेडी, सडकंनं. करंजओढ्याची वाट कुणी धरायची न्हाय, कितीबी घाई आसू दे. पर हापिसात जावा. हाकललं तरी जावा. म्या फुगून बसलो, आन् सिदू, काल तुजी मेंढी ज्यानं न्हेली, त्यो लांडगा कागदावर अजून जलमलाच न्हाय.